बारा लाखांपर्यंत कर नाही, पण कशावर?

२०२५च्या अर्थसंकल्पानंतर देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक वाक्य लोकांच्या मनात घट्ट बसलं आहे: बारा लाखांपर्यंत कर नाही. मला या वाक्याची धास्ती वाटते, कारण ते अर्धंच खरं आहे. नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. त्यापुढे ५ टक्क्यांपासून आकारणी सुरू होते. फक्त एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणजे ज्याचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, त्याला रिटर्न भरावंच लागतं आणि माफीही त्या रिटर्नमधूनच मिळते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ही माफी पगार, धंदा, भाडं, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नावरच्या करापुरती आहे. जमीन विकून झालेल्या नफ्यावर ती नाही. दुसरं काहीही उत्पन्न नसलेल्या एखाद्या बाईने वडिलोपार्जित बिगरशेती जागा विकली आणि तिला १२ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला असं धरा. त्यातले ४ लाख वगळले जातील, उरलेल्या ८ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी १ लाख आणि वर ४ टक्के उपकर, असे १ लाख ४ हजार रुपये तिला भरावे लागतील. ऐकीव वाक्यावर विसंबून ते पैसे घराच्या छपरात घातले गेले, तर नोटीस आल्यावर व्याजासह उभे करावे लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागात उत्पन्न किती, याच्या आधी ते कुठून आलं हे विचारायला हवं. इथल्या एकाच घरात कलमांची बाग असते, पर्यटकांसाठी दोन-चार खोल्या असतात, होडी असते आणि सामाईक सातबाराही असतो. कायद्याला ही चार वेगळी उत्पन्नं दिसतात. कलमांचा आंबा आणि झाडावरून उतरवलेली काजूची बी हे शेतीचं उत्पन्न, ते करमुक्त. फार तर इतर उत्पन्नाचा दर ठरवताना त्याची बेरीज धरली जाते. पण बी फोडून गर विकला, की त्या प्रक्रियेचा नफा धंद्याचा झाला. समुद्रातली मासळी ही कायद्याच्या लेखी शेती नव्हे, धंदाच. आणि बागेच्या मधोमध खोली बांधून पाहुणे ठेवले, दारावर कृषी पर्यटनाची पाटी लावली, तरी खोलीचं भाडं शेतीचं होत नाही. ही गफलत मला सर्रास दिसते, आणि ती करणारी माणसं लबाड नसतात. जमीन शेतीची म्हणजे तिच्यावर जे उगवेल ते सगळं शेतीचं, असा त्यांचा सरळ समज असतो.

जमिनीकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा प्रश्नच येत नाही. पण 'ग्रामीण' कशाला म्हणायचं हे कायद्याने ठरवलेलं आहे. मालवण नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि लाखाच्या आत असल्यामुळे तिच्या हद्दीतली आणि हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरपर्यंतची जमीन या सवलतीत बसत नाही. म्हणून शहराला खेटून असलेल्या वायरीत आधी अंतर मोजावं लागेल, देवबागला ती चिंता नाही. मात्र देवबागातही जमीन एनए झाली की सवलत संपते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याचा गिऱ्हाईक आधी एनए करून मागतो आणि भावही वाढवून देतो. तो वाढीव भाव कर वजा जाऊन किती उरतो, हे विसार घेण्याआधी कागदावर मांडलं पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईची वजावट गेली. त्याआधी घेतलेल्या जमिनीला निवासी भारतीय व्यक्तीला जुन्या २० टक्क्यांचा, वजावटीसह पर्याय आहे. २००१ नंतर भाव साधारण साडेआठ पटींहून जास्त वाढला असेल तर नवा दर फायद्याचा, कमी वाढला असेल तर जुना. किनाऱ्यालगतच्या जागेला बहुधा नवा दर परवडेल, आतल्या गावांत हिशेब उलटा पडू शकतो.

खोल्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०२२च्या जुलैत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीलाही १२ टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के झाला, पण खर्चावर भरलेल्या जीएसटीचा परतावा मिळत नाही. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना खोल्या, जेवण आणि पाण्यातले खेळ एकाच पॅनवर असतील तर सगळ्यांची बेरीज धरायची.

यावर हमखास उत्तर येतं: आम्ही लहान माणसं, आमच्याकडे कोण बघतं? जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. त्यांत मुळात करच नसलेली भाजी आणि दूध विकणारेही होते. ओरड झाल्यावर सरकारने जुनी वसुली सोडली, पण त्या दिवसांत तग धरला तो ज्यांच्याकडे वही होती त्यांनी. इकडेही ३० लाखांवरच्या खरेदीखताची माहिती निबंधकाकडून आयकर खात्याला जाते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: चार खोल्यांच्या धंद्याला सीएची फी आणि हिशेबाचा व्याप झेपत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच लहान धंद्यांसाठी ठोक नफ्याची सोय आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख रकमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. खर्चाची बिलं जपायची सक्ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा नवा आयकर कायदा घेतो, त्यातही ही सोय राहिली आहे. कलमांचे आकडे तेवढे बदलले. नफा खरोखर जास्त असेल तर जास्तच दाखवावा, कारण पुढच्या खोलीसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक हीच रिटर्नं मागते.

सामाईक जमीन विकायची असेल तर गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात तेव्हाच कागद काढून बसावं. जमीन २००१च्या आधीपासून घराण्यात असेल तर १ एप्रिल २००१ची किंमत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावी. ती त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही. दस्तात प्रत्येकाचा हिस्सा लिहावा आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात घ्यावेत, म्हणजे प्रत्येकाचा नफा आणि करमुक्त मर्यादा वेगळी धरली जाईल. विसारही २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नये. तेवढाच दंड होऊ शकतो. एखादा हिस्सेदार दुबईत असेल तर त्याला २० टक्क्यांचा पर्याय नाही, शिवाय त्याच्या हिश्श्यातून टीडीएस कापायला ५० लाखांची अट लागत नाही आणि खरेदीदार तो बहुधा पूर्ण रकमेवर कापतो. कापणी कमी करून घेण्याचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून मिळतो. त्याला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज दस्ताची तारीख ठरवण्याआधी करावा.