प्रदेशाचा इतिहास पडद्यावर आणणारे अनेक हात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथ उभा राहतो. ग्रंथाला बहुधा एक कर्ता पुरतो. परंतु हाच इतिहास माहितीपटांच्या मालिकेच्या रूपाने दाखवावयाचा झाला, तर एका माणसाची विद्वत्ता पुरी पडत नाही. अशी मालिका कोणाकोणाच्या श्रमांतून घडते आणि त्या श्रमांत खरी कसोटी कशाची लागते, याचा विचार आपण या लेखात करू.

आपल्या देशातील या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘भारत एक खोज’ ही मालिका होय. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना १९४४ साली लिहिलेला ग्रंथ हा तिचा आधार. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्याचे त्रेपन्न भाग केले. पटकथालेखनात शमा झैदी होत्या, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे आणि संगीत वनराज भाटिया यांचे होते. रोशन सेठ नेहरूंच्या भूमिकेत सूत्रधार झाले, तर शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. निवेदनाला नाट्यप्रसंगांची जोड दिल्यामुळे ही मालिका निव्वळ माहितीपट राहिली नाही. तथापि एका ग्रंथाला पडद्यावर आणण्यास किती निरनिराळ्या विद्या लागतात, हे तिच्यावरून उत्तम कळते.

आता असेच कार्य एखाद्या लहान प्रदेशासाठी करावयाचे आहे, असे समजू. तो प्रदेश चांदनीपासून बुऱ्हाणपुरापर्यंतचा, म्हणजे आपलाच घेऊ.

पहिला मान संशोधकाचा. अकबराने असीरगड १६०१ च्या जानेवारीत घेतला, हे सर्वमान्य आहे. पण कसा घेतला? मोगलांच्या बाजूचा वृत्तांत किल्ल्यातील रोगराईवर भर देतो. जेझुईट पाद्र्यांच्या पत्रांवरून रचलेला वृत्तांत मात्र फारुकी राजा बहादूरखान याच्याशी झालेला विश्वासघात आणि किल्ल्यातील अधिकाऱ्यांना दिलेली लाच यांची हकीकत सांगतो. संशोधकाने दोन्ही कागद मांडावयाचे आणि प्रत्येकाचा लेखक कोणाच्या पदरी होता, तेही सांगावयाचे. सोयीचा तेवढा कागद उचलणारा संशोधक सबंध मालिकेचा पाया कच्चा करतो.

दुसरा पटकथालेखक. त्याच्यापुढे सामग्रीचा ढीग असतो आणि वेळ मात्र अर्ध्या-पाऊण तासाचा. काय ठेवावे यापेक्षा काय गाळावे, हा त्याचा प्रश्न असतो. १६३१ साली मुमताजमहल बुऱ्हाणपुरात चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर मरण पावली. तिला प्रथम तापीपलीकडे जैनाबादेत दफन करण्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. हा प्रसंग करुण आहे खरा; पण लेखक त्यातच रमला, तर विणकरांचे, व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे बुऱ्हाणपूर पडद्याबाहेरच राहील.

तिसरा छायाचित्रकार. येथील कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुंड्यांच्या रांगेमधून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ही योजना. वरून पाहणाऱ्यास नुसती विहिरींची तोंडे दिसतात. कॅमेरा खाली अंधारात उतरेल आणि योग्य प्रकाश पडेल, तेव्हाच त्या कारागिरांची बुद्धी प्रेक्षकाला कळेल. शब्द जेथे थकतात, तेथे छायाचित्रकाराचे काम सुरू होते.

चौथा निवेदक. असीरगडावरील शिवालयात अश्वत्थामा अद्याप पूजेस येतो, असे लोक श्रद्धेने सांगतात. ही कथा गाळू नये, कारण ती लोकांच्या मनाचा इतिहास आहे. मात्र ‘लोक असे सांगतात’ एवढे शब्द निवेदकाने उच्चारलेच पाहिजेत. आवाजात भारदस्तपणा असला की दंतकथाही ऐकणाऱ्यास पुराव्यासारखी वाटू लागते, हे त्याने विसरता कामा नये.

या सर्वांचे काम जुळविणारे दिग्दर्शक आणि संकलक हे शेवटचे. मतभेद मिटवून टाकणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्यांचा समज होण्याचा संभव असतो. या बाबतीत वेल्स या छोट्या देशाचे उदाहरण मननीय आहे. १९८५ साली वेल्सच्या इतिहासावर तेरा भागांची एक मालिका झाली. दिग्दर्शक कॉलिन थॉमस यांनी तिला विनफर्ड व्हॉन-थॉमस आणि ग्विन विल्यम्स असे दोन निवेदक दिले. दोघांची मते भिन्न. प्रत्येक कालखंडावर ते प्रेक्षकांसमक्ष वाद घालीत. निवाडा करण्याचे काम अशा रीतीने प्रेक्षकांकडे आले.

आपल्या प्रदेशालाही ही रीत शोभेल. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही आहे आणि त्यात शके १५११ ही मिती दिली आहे. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने हे शहर लुटले. ती घटना मराठ्यांच्या पराक्रमाच्या दृष्टीने जशी सांगता येते, तशीच ज्याचे दुकान लुटले गेले त्या नागरिकाच्या दृष्टीनेही सांगता येते. दोन्ही दृष्टींना स्थान देईल, तोच इतिहास या भूमीला आपला वाटेल.

इतिहास केवळ राजांचा नसतो. चांदनीजवळच्या नेपानगरात सालईच्या लाकडापासून आणि बांबूपासून वृत्तपत्रीय कागद करणारी देशातील पहिली गिरणी उभी राहिली. १९५६ साली तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनीच केले. त्या काळच्या कामगारांच्या आठवणी कोणत्याही शिलालेखावर कोरलेल्या नाहीत. त्या माणसांबरोबरच त्या नाहीशा होतात.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, एखादी मालिका येथे येईल तेव्हा येईल. तिची सामग्री जमविणे आजही आपल्या हाती आहे. चारपाच जणांचा गट करावा. एकाने प्रश्न विचारावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे, तिसऱ्याने चित्र घ्यावे, चौथ्याने शंका काढावी. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचे नाव व दिनांक लिहावा आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. या चौघांत शंका काढणारा आपल्याला कधी नकोसा वाटेल; पण इतिहासाचे खरे रक्षण तोच करीत असतो.