मुलांना शेअर बाजार कसा शिकवावा?

आपल्या शाळांतून मुलांना शेकडेवारी शिकवली जाते, सरळव्याज शिकवले जाते, नफा-तोट्याची उदाहरणे सोडवून घेतली जातात. मुलगा दहावी होतो, पुढे पदवीधरही होतो. परंतु शेअर म्हणजे काय, असे त्याला विचारले तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘तो जुगार आहे’ हे एक, आणि ‘त्यात पैसा झटपट दुप्पट होतो’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे त्याने घरात किंवा शेजारीपाजारी ऐकलेली असतात. दोन्ही अपुरी आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिल्या उत्तरामुळे माणूस जन्मभर बाजाराच्या बाहेर राहतो, तर दुसऱ्यामुळे तो डोळे मिटून आत शिरतो.

ज्या घरात नियमित पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी या गोष्टी प्रथमच आल्या, त्या घरात ही उणीव अधिक जाणवते. व्यापारी कुटुंबातील मुले जेवणाच्या ताटावरच भाव, उधारी आणि हिशेब ऐकत वाढतात. इतरांच्या घरी असे सांगणारे कोणी नसते. निवृत्तीची रक्कम हाती पडली की मात्र सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातला खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखण्याचे शिक्षण घरात कोणालाच मिळालेले नसते. म्हणून हा विषय मुलांपर्यंत लहान वयातच पोहोचला पाहिजे असे आम्हांस वाटते. पैसा कसा मिळवावा यापेक्षा मालकी म्हणजे काय, जोखीम म्हणजे काय आणि पूर्वी लोक कोठे फसले, हे आधी शिकवले पाहिजे.

वह्यांचे दुकान

दहा-बारा वर्षांच्या मुलांना व्याख्या पाठ करायला लावू नयेत. वर्गात एक छोटे दुकान काढावे. दहा मुलांनी प्रत्येकी १०० रुपये द्यावेत. १००० रुपयांचे भांडवल जमले. प्रत्येकाला एक कागद द्यावा व त्यावर ‘या दुकानाचा दहावा हिस्सा’ असे लिहावे. हाच शेअर. १०० रुपये ही त्याची दर्शनी किंमत आणि तो कागद बाळगणारा मुलगा हा भागधारक.

आता २० रुपयांची एक अशा ५० वह्या आणल्या आणि २४ रुपयांना एक याप्रमाणे विकल्या. २०० रुपये नफा झाला. मुलांनीच सभा घेऊन ठरवावे की १०० रुपये वाटून घ्यायचे आणि १०० रुपये पुढील खरेदीसाठी ठेवायचे. प्रत्येकाला १० रुपये मिळाले, तो लाभांश. मागे ठेवलेले १०० रुपये हा राखीव निधी. दुकानाजवळ आता ११०० रुपये आहेत, म्हणजे प्रत्येक हिश्शामागे ११० रुपये.

पुढील महिन्यात एका मुलाच्या वडिलांची बदली होते. त्याला आपले पैसे हवे आहेत, पण दुकानाचे पैसे वह्यांत अडकले आहेत. मग त्याने काय करावे? त्याने आपला कागद दुसऱ्या मुलाला विकावा. दोन मुले घ्यायला तयार झाली, तर चढाओढीत भाव १३० रुपयांवर जाईल. तेवढ्यात कोणी बातमी आणली की यंदा शाळा वह्या फुकट वाटणार आहे, तर ७० रुपयांनाही कोणी तो कागद घेणार नाही. बातमी खोटी निघाली तर भाव पुन्हा चढेल. या सगळ्या गडबडीत दुकानातल्या वह्या तेवढ्याच होत्या.

हा खेळ दोन तासिकांत होतो. त्यातून मुलाला तीन गोष्टी कळतात. शेअर म्हणजे धंद्यातील मालकीचा हिस्सा, लॉटरीचे तिकीट नव्हे. शेअर बाजार म्हणजे असे हिस्से एकमेकांस विकण्याची जागा. आणि हिश्शाचा भाव व त्याचे मोल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट ज्याला नीट समजली, त्याचे निम्मे शिक्षण झाले.

बाजार जन्माला कसा आला?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना इतिहास सांगावा. नेदरलँड्समध्ये १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मसाल्याच्या व्यापारासाठी जहाजे पाठवायला फार मोठे भांडवल लागे आणि जहाज बुडाले तर एकटा व्यापारी रस्त्यावर येई. म्हणून सर्व नागरिकांना भांडवलात भाग घेण्याची मुभा दिली गेली. एकट्या ॲमस्टरडॅममध्ये अकराशेहून अधिक लोकांनी पैसे भरले. त्यात कंपनीच्या एका संचालकाच्या घरी काम करणारी मोलकरीणही होती. तिने १०० गिल्डर भरले. पैसे परत मागता येत नव्हते, पण हिस्सा दुसऱ्यास विकता येत होता. त्या विक्रीतून आधुनिक शेअर बाजार उभा राहिला.

जोखीम वाटून घेतली की सामान्य माणसाच्या लहान रकमेतूनही मोठे काम उभे राहते, हा या गोष्टीचा एक भाग झाला. दुसरा भागही मुलांपासून लपवू नये. याच कंपनीने १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरील लोकांची भयंकर कत्तल केली. आपला पैसा कोणत्या कामासाठी वापरला जातो, हे विचारणे भागधारकाचे कर्तव्य आहे, हे येथे मुलांना सांगता येते.

लंडनमध्ये १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरचा भाव काही महिन्यांत सुमारे १२८ पौंडांवरून १००० पौंडांच्या आसपास चढला आणि वर्ष संपण्यापूर्वी २०० च्याही खाली आला. त्यात ज्यांनी मोठी रक्कम गमावली त्यांत सर आयझॅक न्यूटनही होते. बुद्धिमान माणूस लोभाच्या लाटेत सापडत नाही, हा समज या एका उदाहरणाने दूर होतो.

मुंबईचा धडा

आपल्या मुलांना हा इतिहास दूरचा वाटू नये म्हणून लगेच मुंबईकडे यावे. १८५० च्या दशकात मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमून शेअर्सचे व्यवहार करीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरला ५०,००० पर्यंत भाव आला. बँक ऑफ बॉम्बेने तर शेअर्स तारण ठेवून कर्जे दिली.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि युद्ध संपत आल्याची बातमी आली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांची पूर्तता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणारे देऊ शकले नाहीत आणि घेणारे बुडाले. ज्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली आणि १८६८ मध्ये ती बँक बंद करावी लागली. त्या काळचे सर्वांत मोठे दलाल प्रेमचंद रायचंद हेही या पडझडीतून सुटले नाहीत. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आजही पाहता येतो. सहल नेलीच तर तेथे उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगावी.

या अनुभवानंतर १८७५ साली ३१८ दलालांनी एक रुपया प्रवेश फी ठेवून आपली संघटना स्थापन केली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. दलाल स्ट्रीट हे नाव तेथूनच सर्वतोमुखी झाले.

एक बंद झालेली पेढी

मुंबईच्या या बाजाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचाही थोडा संबंध आला होता. १९१७ साली ते परदेशातून परतले, त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केलेला होता. चरितार्थासाठी त्यांनी शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी मुंबईत सुरू केली. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य समाजातील आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. पुढे १९२३ साली ज्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्या अर्थतज्ज्ञाचा सल्ला मुंबईच्या बाजाराने नाकारला होता.

विद्यार्थ्यांनी या घटनेतून काय घ्यावे? तेव्हा ज्ञान होते, पण दार बंद होते. आज खाते उघडण्याच्या अर्जात जात विचारली जात नाही, दार उघडे आहे. अशा वेळी ज्ञानावाचून आत जाणे म्हणजे मिळालेल्या संधीची नासाडी करणे होय.

१९९२ आणि त्यानंतर

पंधरा वर्षांपुढील मुलांना १९९२ चा रोखे घोटाळा समजू शकतो. शेअर निर्देशांक, म्हणजे निवडक ३० कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा, १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजला जातो. एप्रिल १९९२ मध्ये तो ४,४६७ वर पोहोचला. सरकारी रोख्यांच्या व्यवहारातील पळवाटा वापरून बँकांचा पैसा दलाल हर्षद मेहता यांच्यामार्फत शेअर बाजारात येत होता, त्यानेच भाव फुगले होते. ही गोष्ट वृत्तपत्रातून उघड होताच बाजार कोसळला. २८ एप्रिल १९९२ या एका दिवसात निर्देशांक ५७० अंकांनी उतरला आणि वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला. १८६५ आणि १९९२ यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही वेळी बँकांचा पैसा बाजारात ओतला गेला होता आणि दोन्ही वेळी लोकांनी धंदा न पाहता केवळ चढता भाव पाहिला होता.

प्रत्येक पडझडीनंतर नियमही सुधारले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबी या नियंत्रक संस्थेला १९९२ मध्ये कायद्याचे अधिकार मिळाले. १९९४ पासून राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावर व्यवहार सुरू झाले. पूर्वी शेअरचा कागद हरवणे, सही न जुळणे, बनावट कागद निघणे ही नित्याची डोकेदुखी होती. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर डिमॅट खाती आली आणि ती संपत गेली. जानेवारी २०२३ पासून सर्व शेअर्सचे व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात.

आजचा धोका

सोय वाढली तसा धोकाही मुलांच्या खिशात आला. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलगा मोबाईलवर खाते उघडू शकतो. तो शेअर घेऊन थांबत नाही. पुष्कळदा तो थेट फ्यूचर्स आणि ऑप्शन्सकडे वळतो. यात धंद्याची मालकी मिळत नाही. ठराविक मुदतीत भाव वर जाईल की खाली, यावर व्यवहार होतो. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दलालीचा खर्च दोघांच्या माथी. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तो सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण १.८ लाख कोटींहून अधिक होता. या व्यवहारांत तीस वर्षांखालील लोकांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले होते. हे आकडे प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत.

पालक व शिक्षकांसाठी काही सूचना

१. सुरुवात कागदावर करावी. घरात ज्यांचा माल वापरला जातो अशा तीन कंपन्या मुलाने निवडाव्यात व तीन महिने त्यांचे भाव वहीत लिहावेत. भाव बदलला त्या दिवशी धंद्यात खरोखर काही बदलले का, हेही लिहावे.

२. दुपटीचे गणित शिकवावे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की पैसा दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. ८ टक्क्यांनी ९ वर्षे लागतात. तीन वर्षांत दुप्पट म्हणणारा माणूस दरसाल २४ टक्क्यांहून अधिक देण्याचे कबूल करतो आहे. तो ते कोठून देणार, हा प्रश्न मुलाने विचारायला शिकावे.

३. खात्रीने नफा मिळेल असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे की नाही ते पाहावे.

४. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून किंवा फीच्या पैशातून शेअर घेऊ नये. आधी विमा, अडीनडीची शिल्लक, मग गुंतवणूक.

५. अल्पवयीन मुलाच्या नावाने डिमॅट खाते उघडता येते, पण ते पालक चालवतात. पालकाने खाते उघडले तर प्रत्येक खरेदीचे कारण मुलाला समजावून सांगावे.

विद्यार्थ्यांनी विचार करावा

वर्गातल्या दुकानाचा कागद तुम्ही १३० रुपयांना घेतला असता काय? घेण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचारले असते? १८६५ मध्ये बँक ऑफ बॉम्बेने शेअर्स तारण ठेवण्यात कोणता दोष होता? शेअर हा जुगार केव्हा होतो आणि केव्हा होत नाही?

या प्रश्नांची उत्तरे मुलांनी घरी आई-वडिलांशी बोलून लिहावीत. वडीलधाऱ्यांच्या कष्टाचा पैसा पुढे मुलांनाच सांभाळायचा आहे, तेव्हा त्याविषयीचे बोलणे घरात लवकर सुरू झालेले बरे.