अहीर आणि वाम

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शास्त्राच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें बाजारांतून एक सर्पाकृति मासा आणला, आणि त्यावरून मोठा वाद माजला. एक म्हणे ही वाम, दुसरा म्हणे हा अहीर. तिसरा कोंकणांतला, तो म्हणूं लागला कीं, वाम आम्हीं घरीं नेहमीं खातों, ही ती नव्हेच! गंमत अशी कीं, पहिल्याचें आणि तिसऱ्याचें दोघांचेंहि खरें होतें. किनाऱ्यावर वाम म्हणतात ती समुद्रांतली, तीक्ष्ण दांतांची, खऱ्या ईल माशांच्या गणांतली. देशावरची नदींतली वाम अथवा वांब ही अगदीं निराळी. आणि आपल्या नद्यांतला खरा ईल तो अहीर. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें नदींतल्या वामेला ईल म्हणून शिकविलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दोन्ही अंगानें लांब, दोहोंच्याहि पोटावर पर नाहींत. मग भेद कशावरून ओळखावा? वामेच्या पाठीवर शेपटीकडून डोक्याकडे जपून बोट फिरवावें. तीसहून अधिक सुटे कांटे ओळीनें बोटास लागतील. अहिराच्या पाठीवर एकहि कांटा नसतो. केवळ बाह्य आकार पाहून नातें ठरविणें फसवें असतें. चिखलांत व दगडांच्या फटींत शिरणाऱ्यास लांबट अंग सोयीचें, म्हणून तें निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणें उत्पन्न झालें. वंशाच्या दृष्टीनें वाम ही अहिरापेक्षां मरळ माशाला अधिक जवळची आहे.

मग अहिराचे भाऊबंद कोण? येथें आश्चर्य आहे. समुद्रांत पानासारखें चपटें, कांचेसारखें पारदर्शक असें एक पिलूं सांपडे. त्यास पूर्वीं स्वतंत्र जातीचा मासा समजत. इटलींत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनीं १८९६ च्या सुमारास दाखविलें कीं, तें ईलचेंच बाल्यरूप होय. असेंच पिलूं टार्पन या मोठ्या चंदेरी खवल्यांच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या माशाचेंहि असतें. म्हणून १९६६ सालीं ग्रीनवुड आदि शास्त्रज्ञांनीं या सर्वांस एका महागणांत घातलें. प्रौढपणीं तोंडवळा मुळींच जुळत नाहीं, बालपण मात्र एक! पुढें २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसलें कीं, गोड्या पाण्यांतल्या ईलांचे पूर्वज खोल समुद्रांत राहणारे होते.

आपल्या अहिराची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना त्यास एल्फिन्स्टन साहेबांचें नांव दिलें. परंतु ग्रे यांनीं १८३१ मध्येंच बंगालवरून दुसरें नांव दिलेलें होतें. जात एकच ठरली, व नियमाप्रमाणें जुनें नांव टिकलें.

अहीर वाढतो नदींत, पण अंडीं घालण्यास त्यास समुद्र गांठावा लागतो. मुळामुठेंतून भीमा, भीमेंतून कृष्णा, आणि मग बंगालचा उपसागर, असा तो प्रवास. त्याच्या बोटाएवढ्या पिलांनीं हीच वाट उलट चढावयाची. भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. कृष्णेवरहि मोठमोठीं धरणें आहेत. भिंत चढून येणें पिलास कसें साधावें?

वर्गांत आलेला तो मासा कांट्यांवरून वाम ठरला. तो आतां प्रयोगशाळेंत बरणींत ठेविला आहे. शेजारची बरणी अहिराकरितां राखून ठेविली आहे. ती अद्याप रिकामी आहे.