प्रवेश-अर्जातील आत्मनिवेदन

अभियांत्रिकी वा औषधनिर्माणशास्त्राकडे वळणाऱ्या पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्याला सीईटीचे गुण आणि कॅप फेरीतील पसंतीक्रम यांपलीकडे स्वतःविषयी एक ओळही लिहावी लागत नाही. साहजिकच परदेशी विद्यापीठाचा, किंवा सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या आपल्याकडील मोजक्या खासगी संस्थांचा अर्ज समोर येतो आणि त्यात आत्मनिवेदनाची मागणी दिसते, तेव्हा विद्यार्थी गांगरतो व पालक त्याहून अधिक. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांना चालणाऱ्या 'कॉमन अ‍ॅप' या सामाईक अर्जात मुख्य निबंधाची कमाल मर्यादा ६५० शब्दांची आहे; ब्रिटनच्या 'यूकास' अर्जात २०२६ च्या प्रवेशांपासून एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले असून तिन्ही उत्तरे मिळून ४००० अक्षरचिन्हांत बसवावी लागतात.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा मात्र नाही. पालघर २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत होते, त्याच जिल्ह्यातील कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी जून १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या वयात, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी जे पत्र धाडले, ते प्रत्येक इच्छुकाने अभ्यासावे असे मला मनापासून वाटते. महाविद्यालयाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, ही उणीव त्यांनी झाकली नाही. आप्तांचा व ज्ञातीचा विरोध सोसून आपण इथवर आलो, हे सांगितले, पण त्यावर करुणेची याचना उभारली नाही. आणि पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साह्य मिळावे, हा हेतू असा निःसंदिग्धपणे मांडला की, जे पाहिले त्यातूनच जे शिकायचे ते उद्भवले आहे, याविषयी वाचणाऱ्याची खात्री पटावी. प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या एम.डी. झाल्या.

पाहिलेले आणि शिकावयाचे यांतील हा सांधाच निबंधाचा प्राण आहे. भारताचे पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले, हे वाक्य कोणत्याही पुस्तकात सापडते. परंतु केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाने कामावरून परतलेल्या वडिलांना कोणता प्रश्न विचारला, उत्तराने समाधान न झाल्यामुळे पुढे काय वाचले, हे केवळ तोच लिहू शकतो. सातपाटीच्या कोळीवाड्यातील एखादी मुलगी समुद्राच्या ओढीविषयी दोन परिच्छेद सहज लिहील, पण त्यांचे मोल थोडे. ज्या पापलेटला २०२३ मध्ये राज्य माशाचा दर्जा मिळाला, त्याची पिल्ले घरच्या जाळ्यात का येतात, जाळ्याच्या आसाविषयी वडीलधाऱ्यांचे मत काय, आणि त्या मतातील कोणती गोष्ट आपल्याला पटली नाही, हे तिने नोंदविले तर मत्स्यविज्ञानाची तिची मागणी आपोआप सयुक्तिक ठरते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी आणि नवापूरचा किनारा हाही असाच विषय आहे, मात्र तेथे कारखान्यांवर नुसता ठपका ठेवून भागणार नाही. पाणी कोठून निघते, प्रक्रिया केंद्रात त्याचे काय होते, याची स्वतः केलेली चौकशी हवी.

पालकांना एक विनंती. वक्तृत्वाची प्रशस्तिपत्रे, ऑलिम्पियाडचे क्रमांक आणि शिबिरांची यादी निबंधात कोंबण्याचा आग्रह धरू नका, कारण त्या तपशिलासाठी अर्जात स्वतंत्र रकाने असतात. मजकूर विकत घेणे, किंवा संगणकाकडून लिहवून आपल्या मुलाच्या नावावर दाखल करणे, ही सरळ लबाडी आहे, आणि अर्जावर सही त्या मुलाची असते. पहिला खर्डा मुलाने मराठीतच लिहावा, निदान घरी बोलून दाखवावा. इंग्रजी नंतर शिक्षकांकडून तपासून घेता येईल. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांची नेहमीची मुदत जानेवारीच्या प्रारंभी संपते आणि त्याच सुमारास बारावीच्या सराव परीक्षा डोक्यावर असतात, म्हणून हा खर्डा गणपतीच्या सुट्टीतच हाती घ्यावा.