काना गावचे सेवक आणि आपला कॅमेरा
(विवाहसंस्कार व स्वागतसमारंभातील छायाचित्रणाविषयी)



ईस्टर झाला की आपल्या भागात लग्नांची लगबग सुरू होते. मुलांना सुट्टी असते, दूरदेशी नोकरीला असलेली माणसे रजेवर येतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. पालघर असो, बोईसर असो की तारापूर-चिंचणी, रविवारी वेदीवरून विवाहाच्या घोषणा ऐकू येतात आणि घरात मांडव, बँड, जेवण व फोटोग्राफर यांची बोलणी चाललेली असतात. फोटोग्राफर ठरवताना आपण किंमत विचारतो, अल्बमची पाने मोजतो. मात्र त्याने चर्चमध्ये कुठे उभे राहावे, केव्हा थांबावे आणि कोणाचे फोटो आवर्जून काढावेत, याविषयी क्वचितच बोलतो. आजच्या पाठात आपण त्याचाच विचार करू.

सुवार्तेतील लग्न

संत योहानाच्या सुवार्तेच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नाची हकिगत आहे. तिथे नवऱ्याचे नाव दिलेले नाही आणि नवरीचा तर उल्लेखही नाही. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही. ते कळले पाणी भरणाऱ्या सेवकांना. तो चमत्कार त्यांनी सर्वांत जवळून पाहिला, पण कोणाला थांबवले नाही, कोणाला पुन्हा करायला लावले नाही. सांगितलेले काम केले, डोळे उघडे ठेवले आणि बाजूला राहिले.

लग्नात कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाची जागा या सेवकांच्या रांगेत आहे. तो यजमान नाही आणि दिग्दर्शकही नाही. एवढे एक पक्के धरले की बाकीचे नियम आपोआप समजतात.

विवाह कशाने होतो?

आपल्यातील पुष्कळांना वाटते की फादर लग्न लावतात. लॅटिन परंपरेतील ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की वर आणि वधू हा संस्कार एकमेकांना देतात. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १०५७ वे कलम सांगते की दोघांच्या संमतीने विवाह घडतो आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. १०८ किलोंचा केक किंवा शंभर गाड्यांची वरात यांना तिथे काहीच स्थान नाही. फादर ख्रिस्तसभेच्या नावाने ती संमती विचारतात व स्वीकारतात, दोन साक्षीदार ती ऐकतात आणि विवाहाच्या नोंदवहीत सह्या होतात. लग्नाचा खरा पुरावा ती वही आहे.

म्हणूनच ‘आवाज नीट आला नाही, पुन्हा म्हणा’ किंवा ‘अंगठी काढून परत घाला’ असे सांगणे योग्य नव्हे. वचन एकदाच दिले जाते. कॅमेऱ्यासाठी ते दुसऱ्यांदा म्हटले की त्याचा अभिनय होतो.

ख्रिस्तसभेने छायाचित्रणाला बंदी केलेली नाही. २५ मे १९६७ रोजी रोमहून निघालेल्या पवित्र ख्रिस्तप्रसादाविषयीच्या निर्देशात (‘एउकारिस्तिकुम मिस्तेरियुम’) याबाबत स्पष्ट सूचना आहे. फोटोंमुळे उपासनेत व्यत्यय येऊ नये, योग्य कारण असेल तिथे अत्यंत संयमाने ते काढावेत आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांचे नियम पाळावेत, असा तिचा आशय आहे. त्या काळी हा विषय एकदोन फोटोग्राफरांपुरता होता. आज प्रत्येक बाकावर मोबाइल आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी सार्वजनिक भेटीच्या वेळी याबद्दल दुःख व्यक्त केले होते. मिस्सेत अंतःकरणे उंचावण्याचे आवाहन असते आणि उंचावले जातात मोबाइल, असे त्यांनी म्हटले. त्यात धर्मगुरू आणि बिशपही असतात, हे सांगायलाही ते कचरले नाहीत.

चर्चमध्ये काय करावे?

१. आदल्या दिवशीच्या तालमीला फोटोग्राफरला बोलवा. फादरांशी त्याची गाठ घालून द्या. कुठे उभे राहायचे आणि वेदीच्या कोणत्या पायरीपुढे जायचे नाही, हे तेव्हाच ठरवा.

२. त्याच तालमीत वधूवरांना सांगा की वचन देताना एकमेकांकडे पाहा आणि अंगठी सावकाश घाला. दोघे लोकांकडे किंचित वळून उभे राहिले तर कोणालाही मध्ये धावावे लागत नाही. मंगळसूत्र घालण्याची प्रथा असेल तिथेही हेच करावे.

३. वाचने, प्रवचन, परिवर्तनाचा क्षण व ख्रिस्तशरीर स्वीकारताना फ्लॅश नको. आजचे कॅमेरे अपुऱ्या उजेडातही चांगले काम करतात. आयएसओ १६०० किंवा ३२०० वर ठेवून, मोठ्या तोंडाची लेन्स वापरून काम भागते. आवाज न करणारे शटर असल्यास ते वापरावे.

४. वर वचन देत असतो तेव्हा सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळतात. त्या क्षणी वधूकडे पाहावे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वचनाचा परिणाम दिसतो. पहिल्या बाकावरील आईवडिलांकडेही पाहावे.

५. चर्चचे दार पश्चिमेला असेल आणि लग्न चार-पाच वाजता असेल, तर वधू आत येताना ऊन तिच्या पाठीमागून येते व चेहरा काळा पडतो. तिला दारातच थांबवण्यापेक्षा पाचसहा पावले आत येऊ द्या. तिथे बाजूच्या खिडक्यांचा उजेड तोंडावर येतो.

६. पाहुण्यांनी मोबाइल खिशात ठेवावेत. विवाहाला आपण साक्षी म्हणून आलेले असतो. हात उंचावून उभे राहिलो तर मागच्या आजीला नातीचे लग्नच दिसत नाही.

उन्हाची वेळ

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्या पालघर-तारापूर पट्ट्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या आगेमागे जवळजवळ डोक्यावर येतो. अशा वेळी डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते, पांढरा झगा डोळे दिपवतो आणि घामाने सगळे बेजार होतात. दुपारचे लग्न असेल तर बाहेर फोटोंचा हट्ट धरू नये. व्हरांडा, आंब्याची गर्द सावली किंवा चिकूची वाडी शोधावी. चेहरे मोकळ्या आकाशाकडे वळवले की मऊ उजेड मिळतो.

मेच्या उत्तरार्धात सूर्य सातनंतर थोड्या मिनिटांनी मावळतो. सवासहा ते सात ही वेळ सर्वांत चांगली. केळवे, चिंचणी, डहाणू इथे समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून सुरूच्या झाडांमधून येणारा तिरपा उजेड सहज मिळतो. तिथे वधूवरांना अर्धा तास पुरे. तास-दीड तास त्यांना वाळूत फिरवले तर तिकडे हॉटेलात पाहुणे ताटकळत बसतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून जायचे असेल तर पाळी सुटण्याची वेळ टाळावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरते. तो पिशवीतच ठेवून वीस मिनिटे बाहेरची हवा लागू द्यावी. दुसरी गोष्ट ड्रोनची. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उड्डाणाची क्षेत्रे ठरवलेली आहेत आणि आपल्या शेजारी अणुऊर्जा केंद्र आहे. अधिकृत नकाशा पाहिल्याशिवाय व लागणारी परवानगी घेतल्याशिवाय कोणी ड्रोन उडवू नये.

हॉटेलातील स्वागतसमारंभ

हल्ली पुष्कळ कुटुंबे गावाबाहेरच्या एखाद्या हॉटेलात किंवा रिसॉर्टमध्ये हिरवळीवर समारंभ ठेवतात. जागा मोकळी असते, मुले बागडतात, माणसे निवांत बोलतात. अशा वेळी उत्तम फोटो टेबलांभोवती मिळतात. पण आपली रीत अशी की सगळ्यांनी स्टेजवर रांग लावायची, एकेक पाकीट द्यायचे, फोटो काढायचा आणि मगच जेवायचे. उकाड्यात वृद्ध माणसे तासभर उभी राहतात.

त्याऐवजी घरच्यांनी दहाबारा गटांची यादी आधी करावी. नातेवाईक ओळखणारा एखादा मामा किंवा आत्या फोटोग्राफरसोबत द्यावी. आजीआजोबांचा फोटो सर्वांत आधी, खुर्चीवर बसवून, उजेड असताना काढावा. बाकीच्यांनी खुशाल जेवावे. फोटोग्राफरच टेबलापाशी जाईल.

रंगीत दिव्यांविषयी हॉटेलवाल्यांना आधी सांगावे. जांभळ्या-हिरव्या झोतात चेहरे ओळखू येत नाहीत. केक कापताना आणि शुभेच्छांचे भाषण चालू असताना साधा पिवळसर किंवा पांढरा दिवा ठेवायला लावावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात व फोटोत पट्टे उमटतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो.

आणि हो, फोटोग्राफर व त्याचा मदतनीस सकाळपासून राबत असतात. त्यांना पाहुण्यांबरोबर जेवू घाला आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे प्रभूनेच आपल्या शिष्यांना सांगितले आहे (लूक १०:७).

फोटो कोणासाठी?

एक गोष्ट आपण सर्वांनी पाहिली आहे. घरातील वडीलधारे माणूस देवाघरी जाते, मृत्युवार्तेसाठी किंवा स्मृतिदिनाच्या कार्डासाठी फोटो हवा असतो, आणि शोधाशोध सुरू होते. शेवटी तो सापडतो कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये. नवा शर्ट, विंचरलेले केस आणि चेहऱ्यावर समाधान. बाजूच्या माणसाचा खांदा कापून तो फोटो मोठा केला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो.

लग्न हा असा दिवस असतो की सगळे कुटुंब एका जागी असते. पुढच्या लग्नाला त्यातील सगळे असतीलच असे नाही. म्हणून वधूवरांचे हजार फोटो काढताना स्वयंपाकाकडे पाहणारी काकू, बाकाच्या टोकाला बसलेले आजोबा, चाकाच्या खुर्चीतील शेजारीण यांचा प्रत्येकी एक तरी स्वच्छ फोटो असावा. पैशांची ओढाताण असेल, तर महागडा अल्बम आणि लग्नापूर्वीचे फिल्मी चित्रण सोडून द्यावे. हे फोटो मात्र सोडू नयेत. कर्ज काढून केलेला अल्बम नव्या संसाराला भार होतो.

पहिल्या पावसाआधी

मेमध्ये लग्न झाले की जूनमध्ये पाऊस येतो. ओल्या हवेत फोटो एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. अल्बम भिंतीला टेकवून ठेवू नये, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. फोटोंच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या घरी ठेवावी. निवडक पन्नास-साठ फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व तारीख लिहावी. आज सगळे ओळखीचे वाटतात, पण तीस वर्षांनी नातवंडांना सांगणारे कोणी नसते. लहान मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारावे.

घरात चर्चा करण्यासाठी

• आपल्या घरच्या मागील लग्नात वचन देण्याच्या क्षणी आपण काय करत होतो, ऐकत होतो की फोटो काढत होतो?
• आपल्या घरातील कोणत्या वडीलधाऱ्या माणसाचा चांगला फोटो अजून नाही?
• येत्या हंगामात ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी फोटोग्राफरला कोणत्या तीन सूचना द्याव्यात?

येत्या आठवड्यांत विवाहबद्ध होणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील सर्व जोडप्यांसाठी आपण प्रार्थना करू या. कानाच्या लग्नाला हजर असलेला प्रभू आणि त्याची माता मरिया त्यांच्याही लग्नाला हजर राहो.