कमरेचं ओझं

प्रश्न : तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरीची रोकड घेऊन चंद्रपूरहून आत जंगलात जावं लागतं. लहानसं डबल ॲक्शन पिस्तूल घेऊन त्यात थोडे बदल करावेत का?

उत्तर : ९ मिमी विसरा, तो बोअर प्रतिबंधित आहे. परवान्यावर .३२ मिळेल. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बघा : सहा गोळ्या, वजन सुमारे ५०० ग्रॅम. चाप जड वाटेल, तो तसाच राहू द्या. स्प्रिंग कापून हलका करून देणारे भेटतात. मग घोडा हलका आदळतो आणि ऐनवेळी बार उडतच नाही. मूठ हवी तर हाताच्या मापाची बसवा. नळी कापणं मात्र, त्यासाठीचा परवाना नसेल तर, शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा. ताडोबात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, तसंही वाघापुढे .३२ म्हणजे टिकल्यांचं पिस्तूल! पावसाळ्यात रिव्हॉल्व्हर चामडी होल्स्टरमध्ये ठेवून झोपू नका, ओल धरून गंज चढतो. रोज रात्री तेलाचा बोळा फिरवा.