पंप खोलण्याआधी : जुन्या पिकअपच्या इंजिनाची घरची तपासणी

जुनी डिझेल पिकअप नीट चालेनाशी झाली की संशय पहिल्यांदा डिझेल पंपावर जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा पंपाच्या अलीकडे असतो : टाकीतून डिझेल येण्याच्या वाटेत, हवा आत येण्याच्या वाटेत, नाहीतर बॅटरीच्या अर्थिंगमध्ये. पालघर-बोईसर पट्ट्यात तर याला हवामानच हातभार लावते. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि सातपाटीची मासळी वाहताना हौद्यातून गळणारे बर्फाचे खारट पाणी हे सगळे चासीवर, लोखंडी पाइपांवर आणि वायरींच्या टोकांवर उतरते. इंजिनाच्या आत त्यातले फारसे काही पोहोचत नाही.

पुढील तपासणी यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे : टाटा २०७, महिंद्राच्या जुन्या डीआय इंजिनाच्या पिकअप, २००५ साली आलेली ७०२ सीसीची दोन सिलिंडरची टाटा एस. कॉमन रेलच्या गाड्यांना या तपासणीतला काही भागच लागू पडतो.

मासळी वाहणाऱ्या अशाच एका पिकअपने मालकाला बराच खर्च करायला लावला. सपाटीवर गाडी ठीक चाले. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा घाटात मात्र दम सोडी आणि बंद पडे. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होई. गॅरेजमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेट झाला, नोझल बदलले, आणि घाटात पुन्हा तेच. दोष निघाला टाकीच्या झाकणात. त्यातले हवेचे छिद्र चिखलाने बुजले होते. डिझेल खर्च होईल तशी टाकीत पोकळी तयार होई आणि फीड पंपाला डिझेल ओढता येईना. गाडी उभी राहिली की फटीतून हवा शिरे आणि पोकळी भरून निघे. अशी गाडी बंद पडताच झाकण सैल करावे. आत हवा खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले.

म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून पंपाकडे यायचे. झाकणानंतर टाकीतली जाळी. गंजाचा चुरा तिच्यावर बसला की ती भरधाव वेगात आणि चढावर अडते, उभ्या गाडीत पत्ता लागू देत नाही. मग फिल्टर. त्याखालच्या बोल्टमधून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत हे पाणी हमखास सापडते. ते पंपात गेले, तर मात्र खर्च खरोखरच पंपाचा होतो.

सर्वांत फसवा दोष म्हणजे गाडी एअर घेणे. टाकी ते फीड पंप या भागात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे रबरी पाइपला चीर गेली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून पाइप चांगला, असे धरून चालणे हा या कामातला नेहमीचा घोटाळा. सकाळी खूप सेल्फ मारावा लागणे, सुरू होऊन लगेच बंद पडणे, आयडलला इंजिनाने वर-खाली होणे ही त्याची लक्षणे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग स्वच्छ डिझेलचा कॅन घेऊन फीड पंपाची ओढणारी नळी त्यात सोडावी. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या पाइपात. चालूच राहिले तर फीड पंप, फिल्टरचे बूच किंवा बंजो बोल्टची तांब्याची वायसर तपासावीत. वायसर जुनीच पुन्हा घालून बोल्ट जास्त आवळण्याची सवय फार. त्याने आटे जातात आणि हवा येतच राहते.

सेल्फ मंद फिरत असेल तर डिझेलकडे जाण्याआधी मीटर लावावा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर असल्याची शंका घ्यावी. त्याच वेळी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी खाल्ली गेली आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत नवी बॅटरी घालूनही तक्रार तशीच राहण्याचे हे मोठे कारण. इंजिन हळू फिरले की हवा पुरेशी दाबली जात नाही, तापत नाही, आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराने बाहेर पडते.

थंड इंजिनाचा तो पांढरा धूर थोड्या वेळाने जातो. गरम झाल्यावरही टिकला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. येथे आधी एअर फिल्टर बदलून पाहणे स्वस्त पडते, विशेषतः वीटभट्टीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत. निळा धूर ऑइल जळण्याचा.

इंजिन मिस मारत असेल तर आयडलवर एकेका नोझलचा पाइप पंपाच्या बाजूने किंचित सैल करतात. ज्या सिलिंडरला सैल केल्याने आवाजात फरक पडत नाही, तो आधीच काम करत नसतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हात व चेहरा फवाऱ्यापासून दूर. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत घुसते आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तातडीने डॉक्टरकडे जावे लागते. कॉमन रेल इंजिनात तर चालू गाडीवर हा प्रयोग कधीही करू नये. तेथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्या गाड्यांचे निदान स्कॅनरनेच करावे.

‘गाडीला पिकअप नाही’ ही तक्रार सगळीच इंजिनाची नसते. ब्रेक अडकून चाक गरम होते, क्लच घसरतो, आणि मालक पंप वाढवून घेतो. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ती किती सहज पुढे जाते हे पाहिले की ब्रेकची शंका मिटते. गाडी तापत असेल तर पाण्याचा पंप खोलण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पेंढा आणि गवत काढावे. गवताच्या भाड्यांवर जाणाऱ्या गाड्यांत तेच निघते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच भरलेल्या गाडीने चढ घेऊन पाहावे. दोन बदल एकदम केले की कोणत्याने फरक पडला हे समजत नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, तर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आयडलवर तेथून धूर जोराने फेकला जात असेल तर रिंगा झिजलेल्या आहेत, आणि पंप किंवा नोझलवर खर्च करण्याआधी गॅरेजात कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले, तर गाडी सुरू न करता टोचन करून न्यावी.